वान हिलमी यांची काखेतल्या गडावरील तिसरी स्वारी

प्रथम त्या कर्त्यास वंदन, ज्याने मनुष्याचा देह निर्माण केला आणि त्या देहात दोनशे सहा हाडे घातली, सहाशेंवर स्नायू घातले, आणि नसा तर इतक्या घातल्या की मोजता मोजता उमेदवाराचे केस पिकावे. त्याने हे सर्व काही थोर हेतूनेच केले असेल. त्यावर परीक्षा घ्यावी हा मनसुबा मात्र त्याचा नव्हे, माणसांचा, सबब त्यास बोल नाही. त्याउपरी मौजे कुआला सेरंदा, सुभा केलांतान, येथील इस्पितळाच्या शल्यखात्याचे सरलष्कर दातो खू बून हिआँग, ज्यांस सारे इस्पितळ बॉस म्हणते, यांची आज्ञा जाहली की, नवे डॉक्टर दर सालास येतात आणि परीक्षेचे नाव काढताच रडू लागतात, तरी डॉक्टर वान हिलमी यांनी ती परीक्षा कैशी दिली, किती वेळा आपटले आणि कोणाच्या कुमकेने निभावले, ते साद्यंत लिहून वॉर्डातल्या कपाटात ठेवणे, म्हणजे पोरांस धीर येईल, निदान हसू तरी येईल. आज्ञा शिरसावंद्य करून यथामती लिहिले आहे. न्यून असेल ते वाचकांनी पुरे करावे आणि अधिक वाटेल ते हिलमींच्या स्वभावास लावावे.

तरी वर्तमान ऐसे की, डॉक्टर वान हिलमी बिन वान यूसोफ, उमर एकतीस, शल्यखात्यात पाच साले चाकरीस होते. हात चांगला, टाका सुबक, रोग्याशी बोलणे गोड. मनी एकच हेत, की आपण शल्यविशारद व्हावे आणि ऑपरेशनच्या मेजाशी बॉससमोर उभे राहतो ते एक दिवस बॉसच्या जागी उभे राहावे. परंतु त्या मार्गावर पहिलाच घाट असा की, मूलभूत विद्यांची परीक्षा उतरल्याखेरीज पुढे रीघ नाही. शरीररचना, शरीरक्रिया, रोगविद्या, ऐशा या विद्या. कॉलेजात पहिल्या दोन सालांत घोकाव्या आणि परीक्षा होताच सन्मानपूर्वक विसराव्या, ऐसा त्यांचा पुरातन रिवाज. हिलमींनी तो रिवाज काडीचीही कसर न ठेवता पाळला होता.

त्यातही एक गड ऐसा होता की हिलमींची फौज त्याच्या पायथ्याशी जाऊन नित्य माघारी येई. हा गड काखेत आहे. मानेतून पाच नसा निघतात, त्यांचे तीन बुरूज होतात, बुरुजांची सहा भुयारे होतात, भुयारे मिळून तीन दोरखंड होतात, आणि दोरखंडांतून पाच वाटा हाताकडे उतरतात. विद्वान यास बाहुजाल म्हणतात. हिलमी जे म्हणत ते लिहिण्याजोगे नाही.

पहिली स्वारी तीन सालांमागे जाहली. ते समयी हिलमींनी मोठा बंदोबस्त केला. पाच जाड ग्रंथ आणविले, सात रंगांच्या लेखण्या आणविल्या, मेज खिडकीशी लावले, मग ऊन येते म्हणून भिंतीशी लावले, मग पंखा लागत नाही म्हणून पुन्हा खिडकीशी लावले. आणि मग वेळापत्रकाची मसलत मांडली. हृदय हिरव्याने, मूत्रपिंड पिवळ्याने, नसा जांभळ्याने, ऐसे नव्वद दिवसांचे वेळापत्रक पट्टीने रेघा मारून तयार केले, त्यास नऊ दिवस लागले. तयार होताच ध्यानी आले की त्यात पहिले नऊ दिवस अभ्यासाचे धरले आहेत आणि ते तर रेघा मारण्यात गेले. सबब नवे वेळापत्रक करणे प्राप्त जाहले. ऐशी वेळापत्रके चार झाली, एकाहून एक देखणी. अभ्यास मूत्रपिंडापावेतो पोहोचला. परीक्षेत मूत्रपिंडाचे प्रश्न चोख आले आणि बाकीचे मुलूख सर्व गनिमाच्या हाती गेले. तेवीस गुणांनी शिकस्त जाहली.

दुसऱ्या स्वारीस मसलत बदलली. या खात्यात ऐसी चाल आहे की, परीक्षा देऊन बाहेर पडले की उमेदवार चहाच्या दुकानी जमतात आणि आठवतील ते प्रश्न लिहून काढतात, आणि त्यांची बाडे एकाकडून दुसऱ्याकडे जातात. नक्कल करणारा आपल्या पदरची एखादी चूक घालून पुढे धाडतो. ऐसे एक बाड, प्रश्न बाराशे, हिलमींच्या हाती लागले. त्यांच्यासोबत त्याच खात्यातील डॉक्टर थेवराणी याही परीक्षेस बसणार होत्या. बाई शिस्तीच्या, रोज पहाटे उठून वीस पाने वाचीत आणि कोणास सांगत नसत. त्यांनी पाहिले तो हिलमी डोळे मिटून "क, ब, ब, ड, अ, क" ऐसे पुटपुटत आहेत.

"हे काय चाललंय?" थेवराणींनी विचारले.

"उत्तरं पाठ करतोय. प्रश्न बघितला की अक्षर आपोआप येतं."

"आणि प्रश्नात काय विचारलंय ते?"

"ते कशाला हवंय? उगाच गोंधळ होतो."

बाईंनी कपाळाला हात लावला आणि आपले वीस पानांचे काम करावयास गेल्या. परीक्षेच्या दिवशी प्रश्न तेच आले. हिलमींनी मनात ईश्वराचे आभार मानले आणि तलवार उपसावी तैसी पेन्सिल उपसली. आणि मग पाहतात तो परीक्षकांनी पर्यायांची जागा बदलून टाकलेली. क होता तेथे अ, ब होता तेथे ड. दोनशे चाळीस प्रश्न ओळखीचे आणि उत्तर एकाचेही ठाऊक नाही, ऐसा अपूर्व प्रसंग. थेवराणी फत्ते पावल्या. हिलमी अकरा गुणांनी पडले. वेळापत्रकाहून अक्षरांनी बारा गुण अधिक दिले, ऐसा हिशेब त्यांनी मनाच्या समजुतीसाठी काढला.

मग बॉसनी हुजूर बोलाविले. बॉस दोन्ही हातांनी संत्रे सोलीत होते, वर पाहिले नाही. आज्ञा जाहली ती ऐसी की, तिसरी वेळ ही अखेरची, उतरलास तर तुझे नाव शल्यविशारदांच्या यादीत मी स्वहस्ते लिहीन, न उतरलास तर जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीत तुझी बदली मागितली आहे, तेथे घरोघर फिरून पिंपांतल्या डासांच्या अळ्या पाहणे, कामही पुण्याचे आहे. आणि संत्र्याची एक फोड पुढे केली. हिलमींनी ती खाल्ली. पाच साले ज्या मेजाशी उभे राहिलो ते मेज सुटणार, हे ती चावता चावता ध्यानी आले. बाहेर येऊन जिन्यात बसले आणि खरेच रडले. हे लिहू नये ऐसे हिलमींचे म्हणणे होते, परंतु बखरीत खोटे चालत नाही.

आता हिलमींनी अर्ज केला की परीक्षेपूर्वी दोन मासांची रजा द्यावी. बॉसची आज्ञा जाहली की रजा नाही, उलट प्रत्येक शनिवार-रविवार इस्पितळात हजर राहणे. ही आज्ञा विशेष कठीण, कारण हिलमी हे त्या इस्पितळातील नामांकित जोना होते. जोना हा किताब दरबारातून मिळत नाही, रोगी देतात. ज्या डॉक्टराच्या पहाऱ्यास रोग्यांची रीघ लागते, ज्याच्या पहाऱ्यास बसगाडी उलटते आणि अपेंडिक्स रांगेने फुटतात, तो जोना. हिलमी हजेरी लावीत त्या दिवशी परिचारिका घरून दोन डबे आणीत. आणि जोनाने पहाऱ्यावर असता पाऊ खाल्ला, म्हणजे तो वाफेवर फुगविलेला, आत गोड सारणाचा पांढरा गोळा, तर रोग्यांस पारावार राहत नाही, हा त्या मुलखातील सर्व इस्पितळांचा पक्का समज. वॉर्डाच्या मुख्य सिस्टर रोहायु. त्यांनी दारावरच फर्मान लावले होते की, डॉक्टर हिलमी यांस कोणीही, कोणत्याही कारणे, पाऊ देऊ नये.

आणि पाहा, दुरियानच्या, म्हणजे फणसासारख्या काटेरी फळाच्या, हंगामात, एका शनिवारी दोन प्रहरी, सकाळपासून पोटात अन्न नाही, ऐशा अवस्थेत हिलमी उपाहारगृहात शिरले. नासी केराबूचा भात संपलेला, करीची पातेली घासायास गेलेली. मालकीण मकचिक, म्हणजे मावशी, हसनाह हिने पाहिले तो डॉक्टराचे डोळे खोल गेलेले.

"एकच उरलाय, लाल बीनचा. खा गपचूप. मी काही बघितलं नाही."

"नको मकचिक, सिस्टर जीव घेईल माझा."

"उपाशी मेलास तर ती कुणाचा जीव घेणार?"

ही मसलत बिनतोड पडली. हिलमींनी भिंतीकडे तोंड करून पाऊ खाल्ला. शेवटचा घास गिळतात तो फोन वाजला. एका घटकेत सात रोगी दाखल. त्यांपैकी सहा जणांचे वर्तमान इतर बखरींत सापडेल. सातवे पाकचिक, म्हणजे काका, देरामान, उमर अडुसष्ट, पतंग बांधणारे. त्यांच्या हातचा वाऊ, म्हणजे तो माणसाहून थोर, चंद्रकोरीच्या शेपटाचा पतंग, पाच गावांवर गाजे. ते झाडाखाली बांबू तासीत बसले असता वरून चार किलोचा दुरियान उजव्या दंडावर आला. हाड मोडले, काट्यांची जखम झाली, आणि उजवे मनगट लोंबकळू लागले, ते काही केल्या उचलेना.

सिस्टर रोहायुंनी सात केसपेपर एकावर एक ठेवले, हिलमींच्या सदऱ्यावर लागलेला पांढरा कण उचलला, आणि म्हणाल्या, "डॉक्टर, हे काय आहे?"

"बँडेजचा कापूस."

त्यांनी तो हुंगला. "गोड कापूस?"

हिलमी खाली मान घालून कामास लागले.

दुसरे दिवशी बॉसनी फेरीत पाकचिकांच्या खाटेशी उभे राहून विचारले की, हे मनगट का पडले. हिलमींनी दंडाच्या हाडाला वळसा घालणाऱ्या नसेचे नाव घेतले. ते बरोबर निघाले. मग बॉसनी विचारले की, ही नस निघते कोठून, मुळापासून सांग. येथे काखेतला गड समोर उभा राहिला आणि हिलमी पहिल्याच बुरुजाशी वाट चुकले. बॉस पुढच्या खाटेकडे गेले.

परंतु पाकचिक सोडणारे नव्हते.

"बाळा, हात माझा आहे ना? मग मला सांग की. कुठून निघते?"

हिलमी म्हणाले, "पाकचिक, ते फार गुंतागुंतीचं आहे."

"चाळीस वर्षं पतंगाच्या दोऱ्या बांधतोय. गुंता मला सांगू नकोस."

त्याउपरी पाकचिकांनी घरून बांबूच्या कामट्या आणि दोऱ्याचे रीळ मागविले. साखरेच्या विकाराने जखम लवकर भरेना, सबब मुक्काम तीन आठवड्यांचा होता आणि वेळ काढावयास काही पाहिजे होते. त्यांचा उजवा हात झोळीत, आणि डाव्याने गाठ बसत नाही, म्हणून हात हिलमींचे आणि हुकूम पाकचिकांचे, ऐसी वाटणी ठरली. रोज फेरी उरकताच हिलमी खाटेशी बसत, खिशातल्या चिटोऱ्यात पाहत, आणि कामट्यांच्या चौकटीवर दोऱ्या बांधीत. मानेच्या बाजूस पाच दोऱ्या. वरच्या दोहोंची एक, मधली एकटी, खालच्या दोहोंची एक. मग प्रत्येकीस फाटा, एक पुढे, एक मागे.

दुसऱ्या दिवशी गड ढासळला.

"थांब. काल मधल्या दोरीचा पुढचा फाटा तू वरच्याला बांधला होतास, आज खालच्याला बांधतोयस. माझ्या हातात काल एक नस होती आणि आज दुसरी आहे का?"

"चुकलं, पाकचिक."

"चुकलं तर सोड आणि परत बांध. चुकीची गाठ मारलेला पतंग वर जातो आणि गरगर फिरून शेजाऱ्याच्या कौलावर पडतो. तुझी परीक्षा कुठं पडणार?"

हिलमींनी सोडले आणि परत बांधले. तिसऱ्या दिवशी परत चुकले, परत सोडले. खाटेभोवती आजूबाजूचे रोगी जमू लागले. हर्नियाचे एक गृहस्थ तर घरी जाण्याची परवानगी मिळाली असता अर्धा दिवस थांबले, की आज डॉक्टरास जमते की नाही ते पाहून जाऊ. आठव्या दिवशी न पाहता गड उभा राहिला. पाकचिकांनी डाव्या हाताने दोऱ्या एकेक ओढून पाहिल्या, आणि बोट मागच्या दोरखंडावर ठेवले, जेथे तिन्ही मागचे फाटे एक होतात.

"माझी नस ह्यातली ना?"

"हो."

"म्हणजे पाचही दोऱ्या हिच्यात आल्या."

"हो, पाकचिक. पाचही."

म्हाताऱ्याने दोरीवरचे बोट काढले. मग विचारले, "परत उचलेल का रे हात? खरं सांग. पोराला कला शिकवायची राहिलीये."

ऐशा समयी वैद्यांनी मोघम बोलावे ही रीत. हिलमींस ते जमले नाही. नस तुटली नसावी, दुखावली आहे, दुखावलेली नस दिवसास सुमारे एक मिलिमीटर वाढते, तीन-चार मास लागतील, खात्री कोणीही देणार नाही, ऐसे जे ठाऊक होते ते सांगितले. हे सर्व ज्या पानावर छापले आहे ते पान हिलमींनी पहिल्या स्वारीच्या समयी जांभळ्या रंगाने रंगविले होते. त्यातले अक्षर एक आठवत नव्हते. परंतु पाकचिकांस सांगितले ते पुन्हा विसरले नाहीत.

तेव्हापासून हिलमींनी मसलत तिसऱ्यांदा बदलली. ज्या रोग्यास जे झाले ते त्यासच साध्या बोलीत समजवावयाचे, आणि त्यास समजेपर्यंत उठावयाचे नाही. बांग देणारे बिलाल, ज्यांचा आवाज गळ्यातल्या गाठीने बसला होता, त्यांस स्वरयंत्राची नस डावीकडे छातीत उतरून वर कशी येते ते सांगितले. बिलालनी विचारले की, घशाचे काम असता छातीत जाण्याचे प्रयोजन काय, आणि हिलमींस त्याचे उत्तर शोधण्यास तीन ग्रंथ उघडावे लागले. जोनापणाची आता अडचण राहिली नाही. रोगी जितके अधिक, तितके धडे अधिक. सिस्टर रोहायु मात्र म्हणत, "ह्यांचा अभ्यास होतो आणि आमची कंबर मोडते."

मग तो दिवस आला. राजधानीत एका थोर दालनात चारशे उमेदवार, थंडी ऐसी की दात वाजावे. हिलमींनी कागद उघडला तो ओळखीचा प्रश्न एकही दिसेना. बाडाचा तर मागमूस नाही. डासांच्या अळ्या डोळ्यांपुढे वळवळू लागल्या. आणि मग एकोणिसाव्या प्रश्नात एक मनुष्य खुर्चीच्या पाठीवर हात टाकून निजला आणि उठला तो मनगट उचलेना, कोणत्या दोरखंडाची नस, मुळे कोणती. हिलमींनी पेन्सिल खाली ठेवली. दोन्ही हात मेजाखाली गेले आणि बोटे हवेत गाठी मारू लागली. पाच, मग तीन, मग पुढे आणि मागे.

देखरेख करणाऱ्या बाई, चष्मा साखळीचा, मुद्रा करडी, झपझप आल्या.

"मेजाखाली काय आहे?"

हिलमींनी रिकामे तळवे दाखविले.

"मग करताय काय?"

"वाऊ बांधतोय, मॅडम."

बाईंनी वहीत काही टिपून घेतले आणि पुढील दोन तास त्याच ओळीत उभ्या राहिल्या. परंतु हिलमी थांबले नाहीत. गडाचे प्रश्न एकंदर पाच आले, पाचही वेळा बांधले, पाचही वेळा पाकचिकांनी दोरी ओढून पाहिली आणि मान हलविली. पुढे बिलाल आले. आणखी कोण कोण त्या पाऊच्या दिवशी आले होते ते आले. जे कोणी आले नव्हते त्यांचे प्रश्न चुकले.

निकालास पाच आठवडे. निकालाचा मेल आला तो सोमवारी, बाह्यरुग्णांच्या वेळी. हिलमींनी फोन पाहिला, खिशात घातला, परत काढला, परत घातला, परत काढला. थेवराणी म्हणाल्या, "दे इकडे, मी उघडते." हिलमी म्हणाले, "हात लावू नकोस." म्हणाल्या, "मग तू उघड." म्हणाले, "उघडवत नाही." इतक्यात पुढचा रोगी आत आला. पाकचिक देरामान, दुखापतीस साडेचार मास.

बसले, हात मेजावर ठेवला, आणि म्हणाले, "बघ."

मनगट हलले नाही. मग थरथरले. मग मेजापासून दोन बोटे वर उठले आणि तेथेच राहिले. म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम आला, परंतु खाली पडू दिले नाही.

हिलमी मनगट पाहत उठून उभे राहिले. फोन नुसताच हातात. पाकचिकांनी विचारले की, ते काय आहे. थेवराणींनी सांगितले. पाकचिक म्हणाले, "धर समोर," आणि त्या उचललेल्या मनगटाचे बोट, थरथरत, नेम धरून, पडद्यावर टेकविले. मेल उघडला.

हिलमींनी वाचला आणि ओक्साबोक्शी रडू लागले. पाकचिक घाबरले, पाठीवर हात फिरवून म्हणाले, "जाऊ दे रे बाळा, परत बस, त्यात काय! माझेही पहिले किती पतंग पडले." थेवराणींनी फोन ओढून घेतला, वाचला, आणि ओरडल्या, "पाकचिक, पास झालाय हा गाढव! दोन गुणांनी!"

ऐसी फत्ते जाहली. बॉसनी वर न पाहता यादीत नाव लिहिले, संत्र्याची एक फोड पुढे केली, आणि आज्ञा केली की, दुसऱ्या भागाची तयारी सोमवारपासून. हिलमींनी आनंदाने चाळीस पाऊ आणून साऱ्या वॉर्डात वाटावयास काढले. परिचारिका किंकाळ्या मारून पळाल्या आणि सिस्टर रोहायुंनी टोपले फाटकाबाहेर नेऊन ठेवविले. त्या दिवशी बावीस रोगी दाखल झाले. कामट्यांचा गड वॉर्डाच्या खिडकीत टांगला आहे, ज्यास अडेल त्याने दोऱ्या ओढून पाहाव्या, सोडू नयेत.

हे वर्तमान मौजे कुआला सेरंदा मुक्कामी, दोन रोग्यांच्या मधल्या वेळात, आज्ञेप्रमाणे लिहून पुरे केले. लिहिणार वान हिलमी बिन वान यूसोफ, स्वतः. सबब विजयाचे वर्णन जेथे फुगले असेल तेथे वाचकांनी निम्मे वजा करावे. पराभव दोन लिहिले आहेत, ते मात्र पुरते खरे आहेत, आणि पाकचिकांचे मनगट आता पुरते उचलते. कळावे.